हुमणीची बुरशी पाकिटात येते कुठून?

वळवाचा पाऊस झाला की वाळवा, पलूस, कऱ्हाडच्या ऊसपट्ट्यात तिन्हीसांजेला कडुनिंबावर आणि बाभळीवर भुंगेरे घोंगावू लागतात. हुमणी म्हणजे जमिनीत राहून उसाची मुळं खाणारी अळी, आणि भुंगेरे हे तिचे आईबाप. मग प्रकाश सापळे लावा, फांद्या हलवून भुंगेरे गोळा करा, अशा सूचना गावोगाव फिरतात आणि कृषी सेवा केंद्रात मेटारायझियम या अळी मारणाऱ्या बुरशीची मागणी वाढते. त्याच काउंटरवर एक तक्रारही हमखास ऐकू येते : "गेल्या साली हेच टाकलं तर अळ्या हिरव्या पडून मेल्या. औंदा तसंच टाकलं, तर एक मरंना."

कारणं बरीच असू शकतात. जमिनीत ओल नसेल, पाकीट उन्हात पडून राहिलं असेल, अळी मोठी झाल्यावर टाकलं असेल. दुकानदार ही कारणं सांगतोही. एक कारण मात्र कुणी काढत नाही, कारण ते शेतात घडतच नाही, दूरच्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत घडतं. पाकिटाच्या मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत 'स्ट्रेन' असं लिहून पुढे एमटीसीसी, एमसीसी किंवा आयटीसीसी अशी आद्याक्षरं आणि एक आकडा असतो. आपण किंमत बघतो, मुदत बघतो आणि हा आकडा सोडून देतो. कुठल्यातरी संग्रहात जपून ठेवलेल्या एका जिवंत नमुन्याचा तो क्रमांक असतो. हे संग्रह काय असतात आणि आपल्या उसाचा, सोयाबीनचा, दह्याचा त्यांच्याशी काय संबंध, ते पाहू.

## नाव एकच, वाण वेगळे

सूक्ष्मजीव म्हणजे जिवाणू, बुरशी, यीस्ट असे नुसत्या डोळ्यांना सुटे न दिसणारे जीव. त्यातला एक नेमका जीव इतरांपासून वेगळा काढून, एकट्याचीच वाढ केली की त्याला 'कल्चर' म्हणतात. आणि एकाच जातीतल्या, पण गुणांनी वेगळ्या कुळाला 'स्ट्रेन', म्हणजे आपल्या भाषेत वाण. एवढे दोन शब्द कळले की पुढचं सगळं सोपं आहे.

मेटारायझियम ही बुरशी. तिचा बीजकण अळीच्या कातडीला चिकटतो, रुजतो आणि कातडी विरघळवत आत घुसतो. आत ती वाढते, अळी मरते, आणि मेलेल्या अळीवर आधी पांढरा आणि मग हिरवा थर येतो. हा हिरवा थर म्हणजे नवे बीजकण. १८७९ मध्ये एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने ओडेसाजवळ गव्हावरच्या भुंगेऱ्यांसाठी ही बुरशी वापरायची कल्पना मांडली. (हेच मेचनिकॉफ पुढे दह्यातल्या जिवाणूंचे मोठे पुरस्कर्ते झाले. त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी.)

पण मेटारायझियमचा प्रत्येक वाण प्रत्येक किडीला मारत नाही. एखादा वाण हुमणीवर जोरदार चालतो, दुसरा दुसऱ्याच किडीतून काढलेला असतो आणि हुमणीवर ढिला पडतो. उष्णता सोसण्याची ताकद, बीजकण किती धरतात, किती दिवसांत मारतात, सगळं वाणागणिक बदलतं. पिकांचे बुरशीजन्य रोग रोखणाऱ्या ट्रायकोडर्मा या दुसऱ्या बुरशीची गोष्ट तर याहून गमतीची. भारतात वर्षानुवर्षं 'ट्रायकोडर्मा व्हिरिडी' या नावाने विकले गेलेले कित्येक वाण जनुकीय तपासणीत ट्रायकोडर्माच्याच दुसऱ्या जातींचे निघाले. हळदीच्या कंदकुजीवर ते उपयोगी पडले नाहीत असं नाही. पण आपण नेमकं काय टाकतोय हे नावावरून कळत नव्हतं, हे खरं.

म्हणून संग्रहाचं पहिलं काम ओळख पटवण्याचं. आलेला नमुना शुद्ध आहे का, तो सांगितलाय तोच आहे का, हे तपासून मगच त्याला क्रमांक मिळतो. जैविक कीडनाशक नोंदवताना असा क्रमांक द्यावा लागतो तो याचसाठी.

## लाड केले की बुरशी सुस्तावते

प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव वाढवतात ते अगर नावाच्या जेलीवर. समुद्री शेवाळापासून होणारा हा पदार्थ आपल्याकडे चायना ग्रास म्हणून किराणा दुकानात मिळतो. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत तो आला तो फॅनी हेस्से या गृहिणीच्या सांगण्यावरून. जिलेटिनची जेली उन्हाळ्यात वितळायची, आणि त्या घरात जॅम-जेलीसाठी अगर वापरत होत्या. जिवाणूशास्त्राचं निम्मं काम त्या एका सूचनेवर उभं आहे, आणि तरी त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं.

या जेलीवर साखर, प्रथिनं सगळं आयतं मिळतं. जेली वाळायला लागली की चिमूटभर बुरशी उचलून नव्या जेलीवर ठेवायची, पुन्हा काही आठवड्यांनी तेच. इथेच घोटाळा होतो. अळीची कातडी फोडायची गरज उरत नाही. पिढ्यांमागून पिढ्या आयतं खाऊन जे धागे जेलीवर जोमाने वाढतात तेच पुढे जातात, आणि अळी मारण्याचा गुण हळूहळू ओसरतो. बीजकणही कमी धरतात. दिसायला बुरशी तीच, नाव तेच, पाकीट तेच. म्हणून जाणकार उत्पादक मधूनमधून बुरशी पुन्हा जिवंत अळीवर सोडतात, मेलेल्या अळीतून ती परत काढतात आणि ताजं मूळ कल्चर गोठवून ठेवतात. जे हे करत नाहीत त्यांचंही पाकीट दिसायला तसंच असतं.

कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या रायझोबियम जिवाणूचंही असंच. काही जातींमध्ये गाठी करण्याचे जनुक एका सुट्या वर्तुळाकार तुकड्यावर असतात. जेलीवर पिढ्या गेल्या की तो तुकडा कधी कधी गळून पडतो. जिवाणू छान वाढतो, मुळावर गाठ मात्र येत नाही.

घरचं विरजणही महिन्यागणिक बदलतच असतं. घरात ते चालून जातं, हजारो लिटर दूध घेणाऱ्या डेअरीला रोज तीच चव आणि तोच घट्टपणा लागतो. शिवाय जिवाणूंना खाणारे विषाणू असतात. ते एकदा डेअरीत शिरले की विरजण लागतच नाही. मग संग्रहातून दुसरा, त्या विषाणूला दाद न देणारा वाण काढून वापरावा लागतो. यासाठी देशात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत दुधाच्या कल्चरचा स्वतंत्र संग्रह आहे.

## हरिपूरचं पेव आणि उणे १९६ अंश

मग न बदलता ठेवायचं कसं? सांगलीकरांना हे समजावायला हरिपूरची पेवं पुरेशी आहेत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल खड्डे, तोंड अरुंद, पोट मोठं, आत हळद भरून तोंड बंद. हवा नाही, म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. बिघडवणारी गोष्टच काढून घ्यायची, ही पेवाची युक्ती. सूक्ष्मजीवांच्या संग्रहात तीच युक्ती आहे, फक्त इथे काढून घेतात ते पाणी किंवा उष्णता. फरक एकच आणि तो मोठा आहे : हळद पेवातून नुसती बाहेर काढायची असते, सूक्ष्मजीव बाहेर आल्यावर पुन्हा जगला पाहिजे.

पाणी काढून घेण्याची रीत अशी. जिवाणू साय काढलेल्या दुधात किंवा साखरेच्या द्रावणात मिसळतात, गोठवतात आणि निर्वात पोकळीत ठेवतात. बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडून जातो. तळाशी कोरडी पूड उरते. काचेच्या बारीक कुपीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलं की अनेक जिवाणू अशा कुपीत कित्येक दशकं निद्रिस्त राहतात. कुपी फोडून थोडं पोषक पाणी घातलं की जागे होतात.

दुसरी रीत द्रवरूप नायट्रोजनची, उणे १९६ अंश सेल्सिअस. ही टाकी गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सगळ्यांनी पाहिली आहे, कृत्रिम रेतनाच्या कांड्या असतात तीच. या तापमानाला पेशीतले सगळे व्यवहार ठप्प होतात. धोका असतो तो गोठताना, कारण बर्फाचे टोकदार स्फटिक पेशी फाडतात. म्हणून आधी ग्लिसरॉल घालतात आणि गोठवण्याचा वेग जपून ठेवतात. टाकीतला नायट्रोजन सतत उडत असतो, तो भरत राहावा लागतो. एक माणूस, एक वही आणि नायट्रोजनचं बिल वेळेवर भरणारं कार्यालय. यातलं कुठलंही एक नसलं की सगळं शास्त्र फुकट.

## जे कुपीत वाढतच नाहीत

सगळेच एवढे सोयीचे नसतात. मुळांना स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. तिचा संग्रह म्हणजे कुंड्यांची रांग : ज्वारी किंवा मका लावायचा आणि त्याच्या मुळांवर बुरशी जगवायची.

तांबेऱ्याचंही तेच. गव्हाचा तांबेरा हा बुरशीचा रोग, आणि ती बुरशी जिवंत गव्हावरच वाढते. बीजकण गोठवून ठेवता येतात, पण ते जिवंत आहेत का हे पाहायला आणि वाढवायला पुन्हा कोवळी रोपंच लागतात. सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात देशातल्या तांबेऱ्याचे प्रकार असे जपले जातात, आणि आपल्या महाबळेश्वरला थंड, दमट हवेत गव्हाचे वाण तांबेऱ्यासमोर उभे करून पाहणारं संशोधन केंद्र आहे. स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्यांना हे केंद्र माहीत नसतं.

इथे कुणीही विचारेल : मित्र सांभाळा, शत्रू कशाला? शत्रू हाताशी नसेल तर नवा वाण त्याला तोंड देतो की नाही, हे कळणार कसं? सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या केंद्राने दिलेला 'फुले संगम' हा सोयाबीन वाण, केडीएस ७२६, कृष्णाकाठी लोकप्रिय झाला त्यात तांबेऱ्याला बऱ्यापैकी दाद न देण्याचा मोठा वाटा आहे. तो गुण शोधायला तांबेरा हमखास येतो अशाच ठिकाणी पेरणी करून पाहावी लागते. जुने नमुने आणखी एका कामाला येतात. आटपाडी-जतच्या डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा जिवाणू आज फवारणीला दाद देत नसेल, तर तो आधीपासून तसा होता की आपल्या फवारण्यांनी तसा घडला? जुना नमुना कुठेतरी जिवंत असेल तरच याचं उत्तर मिळतं.

## हे संग्रह आहेत कुठे?

बरेचसे आपल्या दारातच. साताऱ्याहून खंबाटकी घाट उतरून पुण्यात गेलं की तिथे तीन महत्त्वाचे संग्रह आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह १९५१ पासूनचा आहे. मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या कारखान्यांना लागणारी यीस्ट हा त्याच्या खास कक्षेतला विषय. आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिसरं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, पाकिटावरचं 'एमसीसी' ते हेच. 'एमटीसीसी' म्हणजे चंडीगडचा १९८६ मध्ये सुरू झालेला संग्रह आणि 'आयटीसीसी' म्हणजे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतला बुरशींचा संग्रह. फक्त शेतीसाठीची राष्ट्रीय संस्था उत्तर प्रदेशात मऊ इथे आहे.

## "मातीत कोट्यवधी आहेत, मग साठवायचे कशाला?"

आक्षेप रास्त आहे. ग्रॅमभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पण त्यातले बहुतेक प्रयोगशाळेत वाढतच नाहीत, आणि जे वाढतात त्यातून कामाचा एक निवडायला वर्षं जातात. शिवाय हवा तो जिवाणू आपल्या मातीत असेलच असं नाही. सोयाबीन मूळचं पूर्व आशियातलं. त्याच्या मुळांवर गाठी करणारा ब्रॅडीरायझोबियमही तिकडचा. आपण बी आणलं म्हणून जिवाणू आपोआप येत नाही. ब्राझीलने हे ओळखलं, निवडक वाण संग्रहात जपले, तेच दरवर्षी बियाण्याला लावायची शिस्त पाडली, आणि आज तिथलं सोयाबीन जवळजवळ नत्रखताशिवाय उभं राहतं.

उसाच्या आत राहून हवेतला नत्र बांधणारा अ‍ॅसिटोबॅक्टरही ब्राझीलमध्येच, १९८८ मध्ये योहाना डोबराइनर यांच्या गटाने उजेडात आणला. आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं अ‍ॅसिटोबॅक्टर आपल्याकडच्या ऊस उत्पादकांना नवं नाही. एक गोष्ट मात्र बांधावर फारशी बोलली जात नाही : नत्रखत भरमसाट असेल तर उसातली या जिवाणूची संख्या रोडावते. युरियाचा मारा चालू ठेवून वर अ‍ॅसिटोबॅक्टर टाकणं म्हणजे पैसे दोनदा घालवणं.

## "ड्रममध्ये गूळ घालून घरीच वाढवतो की!"

दोनशे लिटर पाणी, गूळ, बेसन किंवा ताक, त्यात एक किलो ट्रायकोडर्मा. चार दिवसांनी फेस येतो, वास येतो, आणि वाटतं ट्रायकोडर्मा वाढलं. फेस कुणाचाही असू शकतो. गोड पाणी दिसलं की हवेतली यीस्ट आणि भराभर वाढणारे जिवाणू आधी पंगतीला बसतात, आणि सावकाश वाढणारी बुरशी उपाशी राहते. पहिल्या ड्रममध्ये थोडीफार तरी मूळची बुरशी असते. त्यातलं दोन लिटर घेऊन दुसरा ड्रम, त्यातून तिसरा, असं करत गेलं की काय उरतं ते सूक्ष्मदर्शकाशिवाय कुणी सांगू शकत नाही. शेण-गोमूत्राच्या जीवामृताची गोष्ट वेगळी. तिथे मुळातच मिश्र जिवाणू हवे असतात, नेमका एक वाण नको असतो. पण एखादा ठरावीक वाण हवा असेल तर दर वेळी मूळ कल्चरपासूनच सुरुवात करावी लागते.

विकत घेतानाही आकडे बघावेत. खत नियंत्रण आदेशानुसार रायझोबियमसारख्या पूडरूप जिवाणू खतात ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. मेलेल्या पेशी यात धरत नाहीत.

## "जनुकांचा आराखडा संगणकावर आहे ना?"

आहे, आणि तो फार कामाचा आहे. ओळख पटवायला, भेसळ पकडायला त्याच्याइतकं पक्कं काही नाही. पण आराखडा अळी मारत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या गटाने एका साध्या जिवाणूची सगळी जनुकं रसायनांपासून जोडली, तेव्हासुद्धा ती चालू करायला जवळच्या दुसऱ्या जातीची जिवंत पेशी लागली. बुरशीचा पसारा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. संगणकावरची फाइल आणि गोठवलेली कुपी ही दोन वेगळी कामं आहेत. फाइल आहे म्हणून नायट्रोजनचा खर्च वाचवू, असं म्हणणारा हिशेबनीस पुढेमागे कुठेतरी भेटणारच, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

## एकच पेव पुरत नाही

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि शतकांची ती पद्धत मोडकळीला आली. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, तेव्हा तळमजल्यावरचे किती फ्रीज पाण्यात गेले असतील याचा अंदाज प्रत्येक सांगलीकराला आहे. संग्रहांच्या इतिहासातही हेच झालंय. प्रागमध्ये फ्रांतिशेक क्राल यांनी १८९० च्या सुमाराला जगातला पहिला सार्वजनिक संग्रह सुरू केला. त्यांच्यानंतर तो व्हिएन्नाला गेला. त्यातला काही भाग पुढे शिकागोला हलवला होता. व्हिएन्नात राहिलेला दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाला.

म्हणून महत्त्वाचा वाण दोन वेगळ्या ठिकाणी, शक्यतो दोन वेगळ्या रीतींनी ठेवतात. मोठ्या राष्ट्रीय संग्रहांची मला तेवढी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती महाविद्यालयांतल्या आणि छोट्या प्रयोगशाळांतल्या फ्रीजची. कुणीतरी पंधरा-वीस वर्षं शेताशेतांतून नमुने गोळा करतं, पीएचडी होते, शोधनिबंध छापून येतो. मग ती व्यक्ती निवृत्त होते, वहीतल्या खुणा कुणाला कळत नाहीत आणि एखाद्या मे महिन्यात फ्रीज बंद पडतो. शोधायला अनुदान मिळतं, सांभाळायला मिळत नाही. निबंध छापण्यापूर्वी वाण सार्वजनिक संग्रहात जमा केल्याचा क्रमांक द्या, अशी अट सगळीकडे घातली तर यातलं पुष्कळ वाचेल.

## "आमच्या बांधावरचा जिवाणू कुणी नेला तर?"

यासाठी २००२ चा जैविक विविधता कायदा आहे. परदेशी व्यक्ती किंवा कंपनीला इथले सूक्ष्मजीव संशोधनासाठी किंवा व्यापारासाठी घ्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. नवी जात सापडली तर ती सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करावी लागते. जगभरासाठी २०१० चा नागोया करार आहे. त्यातलं मुख्य सूत्र असं की जिथून घेतलं त्यांना फायद्यातला वाटा मिळावा. पेटंटसाठी ठेवलेल्या नमुन्यांचे नियम बुडापेस्ट करारात आहेत, आणि भारत त्यात २००१ च्या डिसेंबरमध्ये सामील झाला. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे गावातल्या जीवांची नोंदवही असते, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची नोंद गावाने करायची कशी, हा प्रश्न कायद्याने काही सोडवलेला नाही.

मात्र नमुना हेरणं शेतकऱ्यालाच जमतं. सोयाबीन फुलावर असताना ज्या वावरात जिवाणू खत कधीच लावलेलं नाही आणि तरी झाड शेजाऱ्यापेक्षा हिरवंगार आहे, तिथलं एक झाड न उपटता कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढायचं. गाठ नखाने फोडून पाहायची. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करतेय, हिरवट किंवा पांढरी असेल तर नाही. गुलाबी निघाली तर बाकीच्या अखंड गाठी मुळासकट कागदी पिशवीत घालायच्या, प्लॅस्टिकमध्ये त्या कुजतात. वर गाव, गट क्रमांक, तारीख, सोयाबीनचा वाण आणि आधीचं पीक लिहायचं, आणि दोन दिवसांच्या आत कृषी विज्ञान केंद्रात किंवा कसबे डिग्रजला नेऊन द्यायचं. सावलीतून न्यायचं, गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही.